पायथनमधून मोबाइल ॲप बांधणी

पायथन या सर्वोपयोगी स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम अँड्रॉइड किंवा आयओएस फोनवर स्वतंत्र ॲप म्हणून चालवण्यासाठी लागणारी साधने व पद्धती. किव्ही, बीवेअर, चाकोपी, बिल्डोझर ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी नावे. दोन्ही फोन-प्रणालींची घरची भाषा वेगळी आहे : अँड्रॉइडची जावा व कोटलिन, आयओएसची ऑब्जेक्टिव्ह-सी व स्विफ्ट. पायथन तिथे पाहुणी. तिला घरात घेणे फारसे जड जात नाही, कारण तिचा नेहमीचा इंटरप्रिटर (लिहिलेला प्रोग्रॅम वाचून तो चालवणारा भाग) सी भाषेत लिहिलेला आहे आणि सी दोन्हीकडे चालते. खरी कसरत असते ती तिने घरच्यांशी बोलण्याची आणि घराचे नियम पाळण्याची. या क्षेत्रातली जवळजवळ सगळी साधने याच दोन अडचणींतून जन्मली आहेत.

पूर्वेतिहास : स्मार्टफोनवर पायथन आयफोनच्या आधीपासून आहे. नोकियाने आपल्या एस-६० मालिकेच्या फोनांसाठी ‘पायथन फॉर एस-६०’ दिले होते. चार-पाच ओळींत एसएमएस पाठवता येई. अँड्रॉइडवर २००९ मध्ये गूगलमधील डेमन कोलर यांचे स्क्रिप्टिंगचे साधन आले. पुढे ते एसएल४ए या नावाने ओळखले गेले. त्यात स्क्रिप्ट फोनवरच लिहून चालवता येत असे. हौशी मंडळींना ते फार आवडले, पण दुकानात ठेवण्याजोगे ॲप घडवणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता.

आयफोनची वाट काही काळ बंदच झाली होती. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने विकासकांच्या करारात कलम घातले, की ॲप मुळातच सी, सी++, ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा वेबकिट या ब्राउझर-इंजिनातील जावास्क्रिप्ट यांतच लिहिलेले हवे. सप्टेंबर २०१० मध्ये हे कलम सैल झाले : इंटरप्रिटर चालेल, मात्र त्याचा कोड ॲपसोबतच आलेला हवा, मागाहून उतरवून घेतलेला नको. आजही आयओएसवर पायथनचे ॲप उभे आहे ते या सवलतीवर.

अंतर्गत रचना : अँड्रॉइडवरचे पायथन ॲप बाहेरून जावाचेच असते. ॲप उघडले की आधी जावाचा छोटा भाग चालतो, तो पायथनचा इंटरप्रिटर लायब्ररी म्हणून मेमरीत चढवतो आणि मग लेखकाच्या फाइलकडे ताबा देतो. स्टँडर्ड लायब्ररी ॲपच्या पॅकेजमध्येच बांधलेली असते व पहिल्या वेळी फोनच्या साठवणीत सोडवली जाते. अशी ॲप पहिल्यांदा उघडताना रेंगाळतात ती बरीचशी यामुळे.

पुढचे बोलणे जेएनआय (जावा नेटिव्ह इंटरफेस) या जावा आणि सी यांना जोडणाऱ्या पुलावरून चालते. किव्ही गटाची पायजेनियस ही लायब्ररी जावाच्या कोणत्याही वर्गाचे नाव मजकूर म्हणून घेते, तो वर्ग चालू असतानाच तपासते आणि त्याचे पायथनी रूप हाती देते. समजा, फोन थरथरवायचा आहे. पायथनमधून ॲपची चालू ॲक्टिव्हिटी (अँड्रॉइडच्या भाषेत ॲपचा एक पडदा) मागायची, तिच्याकडून प्रणालीची कंपनसेवा घ्यायची आणि तिला मिलिसेकंदांचा आकडा द्यायचा. तीन-चार ओळींचे काम. मात्र परवानग्यांच्या यादीत कंपनाची परवानगी लिहायची राहिली, तर त्याच ओळीवर सुरक्षेची त्रुटी येते. दुसरा सापळा थ्रेडचा, म्हणजे ॲपमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा. अँड्रॉइडची विजेट (बटणांसारखे पडद्यावरचे घटक) फक्त पडदा सांभाळणाऱ्या मुख्य यूआय थ्रेडवरूनच हलवायची असतात. पायथनच्या दुसऱ्या थ्रेडवरून त्यांना हात लावला की ॲप कोसळते. आयओएसवर ऑब्जेक्टिव्ह-सीशी संधान बांधायला बीवेअरची रुबिकॉन लायब्ररी आहे.

पडदा कोण रंगवतो : साधनांचे दोन पंथ याच प्रश्नावर पडतात. किव्ही (पहिली मुख्य आवृत्ती २०११) आपली बटणे, याद्या, सरकपट्ट्या स्वतः ओपनजीएल या चित्रलायब्ररीने रंगवते. त्यामुळे ॲप लिनक्सवर दिसते तसेच फोनवर दिसते, खेळ आणि स्पर्शाचे प्रयोग सुरेख जमतात. पण ते ॲप फोनच्या इतर ॲपांसारखे कधीच दिसत नाही. बीवेअर प्रकल्प रसेल कीथ-मगी यांनी सुरू केला. त्यातील टोगा हा संच उलट बाजूचा : अँड्रॉइडवर अँड्रॉइडचेच बटण, आयफोनवर आयफोनचेच.

मराठी लिहिणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. किव्हीचा मूळ फॉन्ट रोबोटो. त्यात देवनागरी नसल्याने शब्दांच्या जागी चौकोन उमटतात. देवनागरी फॉन्ट जोडला की चौकोन जातात, तरी अक्षरे जुळवण्याचे काम उरतेच. जे मजकूर-इंजिन हे काम करत नाही, त्याच्या हाती ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘क्ष’ पाय मोडून उभा राहतो. टोगात मजकूर फोनच रंगवतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. देवनागरी मजकुराचे ॲप करायचे असेल, तर प्रस्तुत लेखकाचा कौल टोगाकडे आहे.

२०२२ मध्ये आलेले फ्लेट तिसरी वाट धरते : तर्क पायथनमध्ये, पडदा गूगलच्या फ्लटर या पडदे रंगवणाऱ्या संचाकडे. क्यूट या पडदे बांधण्याच्या संचाच्या पायथन रूपाने, क्यूट फॉर पायथननेही, अँड्रॉइडसाठी बांधणीचे साधन दिले आहे. चाकोपी मात्र या वादात पडतच नाही. ते ग्रेडल या अँड्रॉइडच्या नेहमीच्या बांधणी-साधनात बसणारे प्लगइन आहे; पडदा कोटलिनमध्ये लिहावा आणि गणिताचा किंवा विदाविश्लेषणाचा भाग तेवढा पायथनवर सोपवावा, असा त्याचा रोख. आधी व्यावसायिक असलेले चाकोपी २०२२ मध्ये मुक्तस्रोत झाले.

बांधणी : बीवेअरकडे ब्रीफकेस आहे, किव्हीकडे बिल्डोझर. बिल्डोझर एक स्पेक फाइल वाचतो. तीत ॲपचे नाव, आवृत्ती, परवानग्या आणि लागणारी पॅकेजे लिहिलेली असतात. पहिल्या बांधणीत तो अँड्रॉइडची विकाससाधने उतरवतो, पायथन स्वतः फोनच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करतो (म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत उतरवतो), आणि हे सगळे होईतो चहा पिऊन परत यावे. शुद्ध पायथनमधली पॅकेजे तशीच चालतात. नमपाय या गणिती पॅकेजासारखी सी-मिश्रित पॅकेजे मात्र फोनसाठी वेगळी कंपाइल करावी लागतात, आणि ते कसे करायचे याची ‘रेसिपी’ कुणीतरी आधी लिहून ठेवलेली असावी लागते. रेसिपी नसलेले पॅकेज निघाले की प्रकल्पाचे आठवडे तिथे जातात.

अधिकृत मान्यता : इतकी वर्षे मूळ पायथनला फोन ही गोष्ट अधिकृतपणे ठाऊक नव्हती. प्रत्येक गट आपापली ठिगळे लावी आणि नवी आवृत्ती आली की ती पुन्हा शिवी. कीथ-मगी यांचा आयओएसविषयीचा पेप (पायथनमधील बदलाचा औपचारिक प्रस्ताव) ७३० आणि माल्कम स्मिथ यांचा अँड्रॉइडविषयीचा पेप ७३८ हे प्रस्ताव स्वीकारले गेले आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून दोन्ही प्रणाली तिसऱ्या, म्हणजे अधिकृत पाठिंब्याच्या सर्वांत खालच्या स्तरावर मान्य झाल्या. आयओएसवर ॲपला नवी प्रक्रिया सुरू करता येत नाही, म्हणून मल्टिप्रोसेसिंगसारखे (एका कामासाठी अनेक प्रक्रिया चालवणारे) विभाग तिथे निकामीच राहतात.

घराचे नियम किती बारीक असतात हे ३.१२ आवृत्तीच्या वेळी दिसले. पायथनची वेबपत्ते वाचणारी लायब्ररी पत्त्याच्या सुरुवातीला येणाऱ्या (http सारख्या) काही योजनांची नावे यादीत ठेवते; त्यात ॲपलच्या ॲप-स्थापनेशी संबंधित एक नाव होते. कुणी ते वापरो न वापरो, ते अक्षरसमूह आत सापडले एवढ्यावरून ॲपलची तपासणी ॲप नाकारू लागली. अखेर ३.१३ मध्ये बांधणीचा खास पर्याय आला, जो असा आक्षेपार्ह मजकूर काढून टाकतो.

दोषशोध : फोनवर पायथनची त्रुटी सहसा पडद्यावर येत नाही, ॲप उघडते आणि मिटते. मग फोन केबलने जोडून लॉगकॅटच्या (अँड्रॉइडच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनाच्या) धबधब्यातून पायथनच्या ओळी गाळून काढाव्या लागतात. नवशिक्याला तिथे बहुधा एवढेच सापडते, की अमुक मॉड्यूल नाही. ते त्याच्या संगणकावर केव्हाचे असते, म्हणून ॲप तिथे बिनबोभाट चाललेले असते. स्पेक फाइलच्या यादीत ते लिहायचे राहिलेले असते.