गेम विकणे आणि गेमचा परवाना देणे

नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ब्राउझरमध्ये चालणारे छोटे गेम तयार करणाऱ्याला पहिली मिळकत झाली, की तो घरी सांगतो, "माझा गेम विकला गेला." प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीच विकले गेलेले नसते, एखाद्या संकेतस्थळाने तो गेम आपल्याकडे ठेवण्याचा परवाना घेतलेला असतो. खरेदीखत आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार यांची गल्लत पुण्या-मुंबईत कोणताही घरमालक करणार नाही. गेमच्या बाबतीत मात्र दोन्ही कागद ईमेलने, इंग्रजीत आणि सारख्याच तोंडवळ्याचे येतात.

हक्क विकणे म्हणजे कॉपीराइटची मालकीच दुसऱ्याच्या नावावर करणे. कायद्याच्या मराठीत त्याला अभिहस्तांकन म्हणतात. याचे ठळक उदाहरण 'वर्डल'चे आहे. जॉश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या या शब्दखेळात जाहिरात नव्हती, की शुल्क नव्हते. तो विकत घेतल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ३१ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केले आणि किंमत सात आकडी डॉलरच्या खालच्या टप्प्यात असल्याचे सांगितले. इतका पसारा एकट्याने सांभाळणे जड जात असल्याचे वॉर्डल यांनी त्या वेळी लिहिले होते. विक्रीनंतर गेम कुठे चालावा, त्यात काय बदलावे, हे ठरवण्याचा अधिकार वृत्तपत्राकडे गेला. असे भाग्य क्वचितच कुणाच्या वाट्याला येते, पण व्यवहाराचे स्वरूप लहान रकमेलाही हेच राहते.

परवान्यात मालकी तुमचीच राहते आणि समोरच्याला ठरावीक वापराची मुभा मिळते. इथे घरभाड्याची उपमा अपुरी पडते, कारण एकच फ्लॅट एकाच वेळी दहा जणांना देता येत नाही, गेम मात्र देता येतो. ब्राउझरमधले गेम ज्यावर चालत त्या फ्लॅश या सॉफ्टवेअरच्या काळात (अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार थांबवला) हौशी मंडळींची कमाई बरीचशी यावरच चालत असे. मुख्य प्रायोजक पैसे देऊन गेममध्ये आपले बोधचिन्ह आणि आपल्या संकेतस्थळाचा दुवा घालून घेई. त्यानंतर तोच गेम इतर संकेतस्थळांना साइट-लॉक करून, म्हणजे फक्त त्यांच्याच पत्त्यावर चालेल अशा रूपात, वेगळ्या रकमेला देता येत असे. प्रत्येक रक्कम लहान असे, पण श्रम एकदाच केलेले असत. हौसेने काम करणाऱ्याला मला हाच मार्ग बरा वाटतो.

खरी फसगत मधल्या प्रकारात होते. करारावर 'एक्सक्लुझिव्ह लायसन्स', म्हणजे एकट्यालाच दिलेला परवाना, असे शीर्षक असते आणि आत 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'रद्द न करता येणारा' असे शब्द असतात. असा कागद नावाने परवाना असला, तरी तुमच्या हाती गेमची कोरडी मालकी उरते. तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कधीकधी स्वतःच्या पानावरही ठेवता येत नाही. त्यामुळे अशा कराराची रक्कम ठरवताना ती विक्रीचीच समजून ठरवावी.

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत गणतो. अभिहस्तांकन लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. १९९४ च्या दुरुस्तीपासून मुदत आणि प्रदेशाचे हे नियम परवान्यालाही लागू होतात. मात्र परदेशी संकेतस्थळाचा करार अनेकदा त्याच्या देशाच्या कायद्याखाली असतो आणि मुदतीचा रकाना तो सहसा मोकळा सोडत नाही, म्हणून या तरतुदीच्या भरवशावर सही करू नये.

दोन्ही व्यवहारांच्या आधी गेम तुमचाच आहे ना, हे तपासावे लागते. वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक हा कायदा नोकरी देणाऱ्यालाच मानतो, आणि काही कंपन्यांची नियुक्तीपत्रे घरी, स्वतःच्या वेळात केलेल्या कामावरही हात ठेवतात. विक्री ठरलीच, तर सोर्स कोड, म्हणजे गेमचा तुम्ही लिहिलेला मूळ प्रोग्राम, द्यावा लागेल हे गृहीत धरावे. पण त्यातले जे तुकडे तुम्ही पुढच्या गेममध्ये वापरणार आहात, उदाहरणार्थ स्वतः लिहिलेली, गेममधल्या वस्तूंची टक्कर ओळखण्याची किंवा गुण साठवण्याची प्रणाली, ते विक्रीतून वगळल्याचे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.