भयकथेतलं ‘कारण’ गेलं कुठे?

1904 साली न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग टेलिग्राम’मध्ये विन्सर मॅके यांची एक चित्रमालिका सुरू झाली. तिला ठरलेला नायक नव्हता. दर खेपेला नवा माणूस आणि नवं दुःस्वप्न. एका बाईच्या हातातली सुसरीच्या कातड्याची पर्स बघता बघता जिवंत सुसर होते. एका भागात सगळं पुरल्या जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून दिसतं: आधी वाकून बघणारे चेहरे, मग अंगावर पडणारी माती. शेवटच्या चौकटीत मात्र जो तो अंथरुणात दचकून जागा होतो आणि झोपण्याआधी खाल्लेल्या चीज-टोस्टच्या नावाने बोटं मोडतो.

अतिवास्तव भयकॉमिक्सची गोष्ट इथूनच सांगायला हवी, असं मला वाटतं. सुटी कथा, अनोळखी माणूस, स्वप्नातलं तर्कट, सगळं इथे आहे. अडसर फक्त त्या चीजचा. घाबरवून झालं की मॅके कारण हातात ठेवून मोकळे होतात. पुढच्या काळात हे कारण आधी बदललं आणि मग नाहीसंच झालं.

बदललं ते 1950 मध्ये. बोटीच्या अपघातात वडील गेल्यावर विल्यम गेन्स यांच्या गळ्यात ‘ईसी कॉमिक्स’ ही छोटी कंपनी पडली होती. त्यांनी आणि संपादक अल फेल्डस्टीन यांनी तीन भयमासिकं काढली. खरं तर ती द्वैमासिकं. अंकात साधारण चार कथा, प्रत्येकीची सहा-आठ पानं, आणि गोष्ट सांगायला थडग्यातून उठून आलेला एखादा खवचट निवेदक. ही कल्पना जुन्या रेडिओवरच्या भयनाट्यांची. तिथेही म्हातारी चेटकीण कथा सांगायला बसायची. ईसीच्या कथांत प्रेतं उठतात, अवयव सूड घेतात, पण हिशोब चोख असतो. नवऱ्याने बायकोला ज्या पद्धतीने मारलं, त्याच पद्धतीने तो मरणार. म्हणजे चीजच्या जागी पाप आलं. आज वाचताना या कथा फार बडबड्या वाटतात; चित्रात दिसतंय तेच वरच्या मजकुरात पुन्हा लिहिलेलं असतं. चित्रं मात्र अजूनही अंगावर येतात.

एप्रिल 1954 मध्ये बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स साक्षीला गेले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं मुंडकं, असं मुखपृष्ठ त्यांच्यापुढे धरून विचारलं गेलं की हे अभिरुचीला धरून आहे का. भयकॉमिकच्या मानाने आहे, असं ते म्हणाले. मुंडकं आणखी वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं, तर ते वाईट अभिरुचीचं झालं असतं! उत्तर प्रामाणिक होतं, पण त्यांना महागात पडलं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. शीर्षकात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द बंद, पिशाचं बंद, चालती प्रेतं बंद. ईसीच्या भयमासिकांनी गाशा गुंडाळला. संहिता ईसीसारख्या छोट्या आकाराच्या रंगीत कॉमिक्ससाठी होती, मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांसाठी नाही. या फटीतून 1964 पासून वॉरेन कंपनीची कृष्णधवल भयमासिकं आली. 1971 मध्ये संहिताही सैल झाली. तोवर खरी उडी दुसरीकडेच पडली होती.

जपानमध्ये ‘गारो’ हे मासिक 1964 मध्ये निघालं. त्यात 1968 साली योशिहारू त्सुगे यांची ‘नेजिशिकी’ ही चित्रकथा आली. एका तरुणाला समुद्रात जेलीफिश चावते, दंडाची रक्तवाहिनी तुटते. ती बोटांनी दाबून धरत तो डॉक्टर शोधत गावभर हिंडतो, तर जिकडेतिकडे पाट्या डोळ्यांच्या दवाखान्यांच्या. अखेर एक स्त्रीरोगतज्ज्ञ त्या रक्तवाहिनीला नळासारखी चावी बसवून देते. ती घट्ट पिळली की हात बधिर होतो. संपली गोष्ट. शिक्षा नाही, जाग येणं नाही. गंमत म्हणजे त्सुगेंनी जेलीफिशच्या नावाच्या जागी नुसत्या दोन फुल्या लिहिल्या होत्या. अक्षरं जुळवताना त्या ‘मेमे’ अशा वाचल्या गेल्या आणि तेच नाव रूढ झालं. या कथेला ते शोभलंही.

हाच धागा पुढे मुलींच्या भयमासिकांत गेला, हे बाहेरच्या वाचकाला कदाचित अनपेक्षित वाटेल. ‘मंथली हॅलोविन’ हे त्यातलं एक. दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारा तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या जुंजी इतो यांची पहिली कथा 1987 साली तिथेच छापून आली. वर्गातली मुलं एका मुलीच्या मृतदेहाचे तुकडे करतात आणि ती पुन्हा शाळेत येते. का येते, ते नाही सांगत.

त्यांची एक छोटी कथा बघा. भूकंपानंतर डोंगराच्या उघड्या पडलेल्या कड्यात माणसाच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात. लोक बघायला जमतात. त्यातला एक जण म्हणतो, हे भोक माझं आहे, माझ्याच मापाचं. कपडे उतरवून तो आत शिरतो. इथे भूत नाही, पाप नाही, निवेदकही नाही. माप जुळणं एवढंच. अशी कल्पना तीनशे पानांच्या कादंबरीत टिकणार नाही, कारण तिथे कोणीतरी भूगर्भशास्त्रज्ञ येऊन खुलासा करायला लागेल. तीसेक पानांत ती जशीच्या तशी राहते. शिवाय सुट्या कथेत कोण जगणार याची हमी नसते. पुढच्या भागासाठी कोणालाच जिवंत ठेवायचं नसतं.

सुटेपणा ही या कथांची एक ओढ. दुसरी ओढ पानाची. सिनेमात दार आपोआप उघडतं, इथे ते वाचकाला उघडावं लागतं. इतो आधीच्या पानांवर साधे, जवळजवळ निर्विकार चेहरे काढत जातात आणि सगळी बारीक रेघांची मेहनत पान उलटल्यावरच्या एका मोठ्या चित्रात ओततात. पानाचा कोपरा बोटात धरून थांबलेला वाचक पुढे काय आहे हे ओळखून असतो, तरीही उलटतो.

2010 मध्ये कॅनडाच्या एमिली कॅरोल यांची भयकथा थेट इंटरनेटवर आली. तिथे उलटायला पान नाही, नुसतं खाली सरकत जायचं. दोन चित्रांमधला काळोख किती लांब ठेवायचा, हे आता छापील पानाची उंची ठरवत नाही.