कस्टम फर्मवेअर (प्लेस्टेशन ३)

सोनीच्या प्लेस्टेशन ३ (२००६) या गेम कन्सोलवर मूळ प्रणालीच्या जागी बसवलेली, फेरफार केलेली प्रणाली. जाणकार तिला 'सीएफडब्ल्यू' म्हणतात आणि सोनीच्या मूळ प्रणालीला 'ओएफडब्ल्यू'. ती बसली की बाहेरचे प्रोग्राम चालतात, पंख्याचा वेग हातात येतो, प्रोसेसरचे तापमान पडद्यावर दिसते आणि लिनक्सही परत घालता येते. लिनक्सची सोय या यंत्रात मुळात होतीच. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ आवृत्तीने सोनीने ती काढून घेतली आणि तोवर शांत असलेले बरेच हॅकर याच यंत्राच्या मागे लागले.

२९ डिसेंबर २०१० रोजी बर्लिनच्या '२७सी३' परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' गटाने सोनीच्या डिजिटल सहीतली चूक दाखवली. ईसीडीएसए पद्धतीत दर सहीला नवा यादृच्छिक आकडा घ्यावा लागतो. सोनीने तो दर वेळी एकच ठेवला होता. आकडा तोच असला की दोन सह्यांची दोन समीकरणे होतात, त्यांत अज्ञात राशीही दोनच, म्हणजे खाजगी किल्ली आपोआप बाहेर, आणि ती हाती आली की कोणालाही सोनीच्या नावाने सही करता येते. जानेवारी २०११ मध्ये हॅकर जॉर्ज हॉट्झ यांनी 'मेटलोडर'ची (यंत्र सुरू होताना पुढचे भाग उलगडणाऱ्या प्रोग्रामची) किल्ली जाहीर केली, सोनीने त्यांच्यावर दावा लावला आणि त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला. ३.५६ पासून सोनीने किल्ल्या बदलल्या.

तरी जुन्या यंत्रांत सीएफडब्ल्यूची वाट बंद झाली नाही. मेटलोडर कारखान्यातच, त्या त्या यंत्राच्या स्वतंत्र किल्लीने बंद करून फ्लॅश चिपवर लिहिलेला असतो आणि अपडेटने तो बदलता येत नाही. म्हणून आज यंत्रावर कोणती आवृत्ती आहे याला फारसे महत्त्व नाही, कारखान्यातून ते कोणत्या किमान आवृत्तीचे म्हणून निघाले हे महत्त्वाचे. मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पाहावा. सगळी जाड मॉडेले आणि सीईसीएच-२०xx, २१xx ही स्लिम चालतात. ३xxx आणि ४xxx चालत नाहीत. त्यांच्यासाठी 'हेन' (बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारा तात्पुरता उपाय) आहे, पण तो यंत्र चालू केल्यावर दर वेळी नव्याने सुरू करावा लागतो. गोंधळ २५xx चा, त्यांत दोन्ही प्रकार सापडतात. 'मिनिमम व्हर्जन चेकर' नावाची फाइल अपडेटसारखी चालवली की यंत्र काहीही न बदलता किमान आवृत्ती सांगते. ३.५६ किंवा खाली असेल तर पुढे जावे; ३.६० किंवा वर दिसले तर हेनवर समाधान मानावे.

फर्मवेअरच्या फाइलसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करावा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस यंत्राला दिसतच नाही आणि 'फाइल सापडत नाही'च्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात. आत 'पीएस३' फोल्डर, त्यात 'अपडेट' आणि त्यात 'पीएस३अपडॅट' नावाची 'पीयूपी' फाइल. सगळी नावे रोमन मोठ्या अक्षरांत (PS3/UPDATE/PS3UPDAT.PUP). फाइल सुमारे २०० एमबीची असते. तिचा एमडी५ ताळा (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवूनच ती घालावी, अर्धवट उतरलेली फाइल बाहेरून पूर्ण फाइलसारखीच दिसते.

सीएफडब्ल्यूची वाट कन्सोलच्या ब्राउझरमधल्या एका पळवाटेतून जाते. नव्या ओएफडब्ल्यूत ती बुजवलेली असल्याने आधी 'हायब्रिड' फर्मवेअर घालतात. ते म्हणजे मूळ प्रणालीच, फक्त त्यात ब्राउझरचा जुना भाग परत ठेवलेला. मेनूतून ते घेतले गेले नाही तर सेफ मोड वापरावा: बंद यंत्राचे पॉवर बटण दाबून धरावे, यंत्र चालू होऊन पुन्हा बंद पडेपर्यंत सोडू नये, मग परत दाबून धरावे आणि लागोपाठ दोन झटपट बीप आले की सोडावे. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडावा, सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही. सहावा पर्याय 'सिस्टम अपडेट'.

यापुढे ब्राउझरमधले टूलसेट (या कामाची साधने असलेले वेब-पान) उघडतात, त्याआधी कुकी आणि कॅशे पुसतात. पान अडकले तर यंत्र पुन्हा चालू करून तेच करावे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमणे नेहमीचे. पहिले काम फ्लॅशचा डंप (पूर्ण प्रत) घेण्याचे. जाड यंत्रांतल्या सुरुवातीच्या मॉडेलांत २५६ एमबी नँड असते, नंतरच्यांत १६ एमबी नॉर (दोन्ही फ्लॅशचेच प्रकार). नॉरचा डंप नेमका १,६७,७७,२१६ बाइटचा हवा. तो तपासणी-प्रोग्राममधून काढून संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावा. यात त्या यंत्राची ओळख (ईईआयडी) असते, त्यामुळे दुसऱ्याचा डंप आपल्याला उपयोगी पडत नाही. घाईत हीच पायरी टाळणारे पुढे सगळ्यात जास्त रडतात.

मग टूलसेट फ्लॅशमधल्या मूळ प्रणालीच्या दोन्ही प्रतींवर पॅच (सीएफडब्ल्यू बसू देणारा छोटा बदल) लिहितो. हे काम थोड्याच वेळाचे, पण मधे वीज गेली तर यंत्र उठणार नाही, म्हणून कन्सोल यूपीएसवर असावा. 'यशस्वी' आले नाही तर यंत्र बंद न करता पुन्हा लिहावे. यश आल्यावर सीएफडब्ल्यूची फाइल नेहमीच्या अपडेटसारखी बसवायची. मधे सोनीची फाइल घातली तर पॅच पुसला जातो आणि सगळे पहिल्यापासून. आपोआप अपडेट घेण्याची सोयही बंद करावी.

अपडेट वारंवार मध्येच थांबत असेल तर ब्लू-रे ड्राइव्ह तपासावा. प्रणाली त्याचेही फर्मवेअर ताजे करते आणि ड्राइव्ह मेलेला असला की अडते. अशांसाठी सीएफडब्ल्यूची 'नो-बीडी' आवृत्ती असते. ती बसवलेल्या यंत्रावर नंतर ओएफडब्ल्यू घालू नये, ते त्याच ड्राइव्हपाशी अडकते. जुन्या जाड यंत्रांची थर्मल पेस्ट वाळलेली असते; ती बदलूनच काम सुरू करणे शहाणपणाचे, कारण पिवळ्या दिव्याचा आजार (यंत्र पिवळा दिवा दाखवून बंद पडते तो) हार्डवेअरचा आहे आणि फर्मवेअरने बरा होत नाही.

सीएफडब्ल्यू असलेल्या यंत्रावरून ऑनलाइन गेल्यास सोनी खाते आणि कन्सोल दोन्ही बंद करू शकते. भारतात प्रताधिकार कायद्याचे कलम ६५अ (२०१२ ची दुरुस्ती) हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते.

लिहिताना बिघडलेले यंत्र उठवायला हार्डवेअर फ्लॅशर लागतो. नॉरसाठी चिपवर चिमट्यासारखा बसणारा ई३ फ्लॅशर चालतो, नाहीतर टीन्सी++ बोर्ड. त्याला चाळीसहून अधिक बारीक तारा डाग द्याव्या लागतात. नँडला तारा कमी, पण चिप दोन आणि डेटा दोघींत वाटलेला. दोन्ही बाबतींत परत लिहायला हवा तो आधी जपून ठेवलेला डंपच.