पत्ता कोणाकडे? पीअर-टू-पीअर आणि मुंबईतल्या खाजगी नेटवर्कांची पार्श्वभूमी

गोरेगावच्या डबिंग स्टुडिओतून दादरला पन्नास जीबीचं काम पोचवायचं असेल, तर आजही हार्ड डिस्क घेऊन कोणीतरी लोकल पकडतं. दोन्हीकडे फायबर असतं, वेगही पुरेसा असतो. अडतं ते एवढ्यावरच, की या मशीनला त्या मशीनपर्यंत थेट जाता येत नाही. पीअर-टू-पीअर म्हणजे मशीनने मशीनला थेट फाइल देणं. त्याच्या गेल्या पंचवीस वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक प्रोटोकॉलने, म्हणजे मशीनांच्या आपसातल्या बोलण्याच्या नियमांनी, याच अडचणीशी झुंज दिली आहे: फाइल कोणाकडे आहे हे कळायचं कसं, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं कसं.

शॉन फॅनिंगचं नॅप्स्टर जून १९९९ मध्ये आलं. गाणी लोकांच्या मशीनवर, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. शोध झटपट लागायचा. पण यादी एकाच ठिकाणी असल्यामुळे कोर्टाला बंद करायलाही एकच जागा होती, आणि जुलै २००१ मध्ये ती बंद झाली. त्याआधीच, मार्च २००० मध्ये, नलसॉफ्ट कंपनीच्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी यादीच नसलेलं न्युटेला बाहेर सोडलं होतं. मालक कंपनी एओएलने ते लगेच काढायला लावलं, पण तोवर प्रती पसरल्या होत्या आणि लोकांनी प्रोग्रॅमच्या वागण्यावरून प्रोटोकॉल उलगडला. यात प्रश्न शेजारच्या मशीनला विचारायचा, त्याने तो पुढे द्यायचा, साधारण सात टप्प्यांपर्यंत. मशीनं वाढली तशी लाइन उत्तरांऐवजी प्रश्नांनीच भरू लागली.

मुंबईत तेव्हा वेगळंच काही घडत होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत टीव्हीची केबल देणारा केबलवालाच इंटरनेटही द्यायला लागला. या गच्चीवरून त्या गच्चीवर इथरनेटची वायर ओढलेली, पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या डब्यात स्विच, आणि त्याला वीज सोसायटीच्या मीटरवरून. इथरनेटची तांब्याची वायर शंभर मीटरपुढे भरवशाची नसते, म्हणून दर काही इमारतींमागे एक स्विच. वायरचं बंडल, कनेक्टर, क्रिम्पिंगचा पक्कड, सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळायचं. पावसाळ्यात वीज कडाडली की दोनचार स्विच जळायचे आणि केबलवाल्याचा मुलगा छत्री घेऊन गच्च्या पालथ्या घालायचा.

या जाळ्यातल्या मशीनांचे पत्ते १० किंवा १९२.१६८ ने सुरू व्हायचे. खाजगी वापरासाठी हे पट्टे फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात राखून ठेवले गेले होते. म्हणजे आख्खी आळी एका खाजगी नेटवर्कमध्ये होती, आणि बाहेर जायला सगळ्यांना मिळून एक अरुंद लाइन. हिशेब मांडून बघा. सातशे एमबीची फाइल २५६ केबीपीएसने उतरवायला सहा तास लागतात. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २००४ च्या सरकारी धोरणाने एवढाच वेग ठरवला होता. तीच फाइल शंभर एमबीपीएसच्या स्विचवरून समोरच्या इमारतीतून एकदीड मिनिटात येते.

म्हणून इथे डायरेक्ट कनेक्ट हे फाइल वाटायचं तंत्र रुजलं. जॉन हेसने ते १९९९ मध्ये सुरू केलं होतं, पण लोकांच्या मशीनवर असायचं ते २००१ चं मुक्तस्रोत डीसी++. एक जण हब चालवायचा. कोण हजर आहे आणि कोणाला काय हवंय एवढंच हब सांगायचं, फाइल थेट जायची. हबवर यायचं तर अमुक इतक्या जीबीचं शेअर दाखवायचं, आणि काही स्लॉट, म्हणजे एका वेळी इतरांना फाइल द्यायच्या जागा, उघडे ठेवायचे. "हबवर आहेस का, स्लॉट दे" हे त्या काळचं नेहमीचं बोलणं. पवईच्या आयआयटीच्या हॉस्टेलांतही डीसी++ असंच मुरलं होतं. बाहेरच्या इंटरनेटवर राउटरमागची दोन पॅसिव्ह, म्हणजे बाहेरून जोडणी स्वीकारू न शकणारी, मशीनं एकमेकांना फाइल देऊ शकत नसत. गच्चीवरच्या जाळ्यात मध्ये राउटरच नव्हता, त्यामुळे सगळेच ॲक्टिव्ह. मला हेच त्या जाळ्याचं खरं वैभव वाटतं.

त्या हबांवरचा बराचसा माल चोरीचा होता, आणि तोही याच शहरात बनलेल्या सिनेमांचा. हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे कोर्टांकडून सरसकट साइट बंद करायचे आदेश मिळू लागले, तेव्हा २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अख्ख्या साइट बंद करण्याला हरकत घेतली आणि नेमक्या लिंका पडताळून मागितल्या. तंत्र आणि त्याचा गैरवापर वेगळा काढायची ही दृष्टी मोलाची आहे.

ब्रॅम कोहेनचं बिटटोरेंट २००१ मधलंच, आणि स्वतः प्रोटोकॉल लिहून बघायचा असेल तर आजही सुरुवात त्यानेच करावी. फाइलचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचा वीस बाइटचा एसएचए-१ ठसा, म्हणजे त्या तुकड्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, टोरेंट या छोट्या माहिती-फाइलमध्ये असतो, त्यामुळे अनोळखी माणसाने दिलेला तुकडाही तपासून घेता येतो. दोन मशीनं भेटली की पहिला बाइट १९, मग 'बिटटोरेंट प्रोटोकॉल' ही एकोणीस अक्षरं इंग्रजीत, पुढे आठ राखीव बाइट, टोरेंटचा ठसा आणि स्वतःची ओळख. एकूण ६८ बाइट. दर दहा सेकंदांनी, कोण आपल्याला जास्त देतंय ते बघून कोणाला द्यायचं ते ठरतं, आणि दर तीस सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी मिळते. सर्वात दुर्मिळ तुकडा आधी घ्यायचा. नवशिके अडकतात ते टोरेंटच्या ठशावर: तो टोरेंट फाइलमधल्या माहितीच्या कोशावरून निघतो, आणि त्या कोशातली नावं (कीज) क्रमाने लावली नाहीत तर ठसा बदलतो आणि कोणीच ओळखत नाही.

टोरेंट कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला ट्रॅकर म्हणतात. २००५ मध्ये ट्रॅकरशिवाय शोध देणारं डीएचटी आलं, ज्यात ती यादी मशीनांमध्येच वाटलेली असते. पण ज्यांना मंडळ बंदिस्त ठेवायचं होतं त्यांच्यासाठी 'प्रायव्हेट' ही खूण आली. ती १ असली की क्लायंटने फक्त ट्रॅकरलाच विचारायचं. खूण त्याच कोशात असल्याने ती पुसली तर ठसाच बदलतो, टोरेंट निराळं होतं. ओळखीच्यांपुरतं जाळं हा विचार फ्रँकेलनेच २००३ मध्ये 'वेस्ट'मध्ये मांडला होता: एकमेकांच्या सार्वजनिक किल्ल्या (ओळख पटवणारे सांकेतिक आकडे) आधी द्यायच्या, तरच आत प्रवेश. तेही एओएलने काढायला लावलं.

एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा साठा आटला. वर्षभराने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा सेवा कंपन्यांसाठी राखला गेला, आणि हजारो घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे गेली. यालाच सीजीनॅट म्हणतात. पूर्वी खाजगी पत्ता शेजाऱ्यापर्यंत नेत असे. आता त्यानेच बाहेरून येणारी वाट बंद झाली. त्यावर उपाय व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरूनच नेलेल्या सांकेतिक खाजगी वाटेचा. २००१ चं ओपनव्हीपीएन, २००४ चं हमाची, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत सामावलेलं जेसन डोनेनफेल्डचं वायरगार्ड. ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवण्याचा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश व्हीपीएन विकणाऱ्यांना आहे. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळल्याचं नंतर स्पष्ट झालं.

आज स्वतःचं जाळं उभारायचं तर वायरगार्डमध्ये निदान एका टोकाला बाहेरून गाठता येणारा पत्ता लागतो. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असतील तर मध्ये भाड्याचा छोटा सर्व्हर, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांचं नवं, भरपूर पत्ते देणारं रूप. ते इथल्या बऱ्याच जोडण्यांवर आता मिळतं, पण घरचा राउटर बाहेरून येणारं सगळं सहसा अडवतो. तेव्हा राउटरच्या फायरवॉलमध्ये वायरगार्डचं यूडीपी पोर्ट, बहुधा ५१८२०, आधी उघडावं लागतं.