पंचमाखाली घुमणारे शंभर हर्ट्झ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर गेल्या उन्हाळ्यात ख्यालाचे एक ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा तानपुरा बेसूर वाटू लागला. गायकांचा षड्ज काळी एकचा होता आणि तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचमाची, कुणीतरी किंचित उतरवून ठेवल्यासारखी डगमगत होती. ग्वाल्हेरच्या घरात तानपुऱ्याला दोष देण्याआधी माणूस दहादा विचार करतो. ध्वनिमुद्रण थांबवले तरी खोलीत एक जाडसर गुणगुण शिल्लक राहिली, आणि मग उलगडा झाला.

काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो. त्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे १०४ हर्ट्झ, हा मंद्र पंचम. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि तिचे एकदिश विजेत रूपांतर करताना प्रत्येक आवर्तनाचा ऋण अर्धा भागही उलटवून घेतला जात असल्याने सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. हे उंचवटे स्पीकरपर्यंत पोचले की १०० हर्ट्झचा स्वर उमटतो. १०४ आणि १०० हे दोन स्वर एकत्र वाजले तर सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येतात, आणि तानपुऱ्याच्या डगमगण्याचे कारण नेमके तेच होते.

हे उंचवटे सपाट करण्याचे काम ज्या भागाकडे असते, त्याला पाठ्यपुस्तकात धारित्र म्हणतात आणि दुरुस्तीच्या दुकानात फिल्टर कंडेन्सर. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असले तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली तोटी दिवसभर चालते, तसाच हा कंडेन्सर उंचवट्याच्या माथ्यावर भरतो आणि पुढचा उंचवटा येईपर्यंतच्या एक शतांश सेकंदात यंत्राला वीज पुरवतो. ४७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून एक ॲम्पिअर प्रवाह घेतला, तर तेवढ्या वेळात दाब फार तर दोन व्होल्टने उतरतो. त्याची धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, १००० मायक्रोफॅरडवर आली असेल, तर हीच घट दहा व्होल्टच्या घरात जाते.

धारकता घटते ती उष्णतेने. या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये द्रवात भिजवलेला कागद असतो, आणि रबरी बुचातून तो द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा अभियंत्यांचा ढोबळ पण उपयोगी नियम आहे. ज्याचे आयुर्मान ८५ अंशांना २००० तास असे गृहीत धरलेले असते, तो ४५ अंशांत सुमारे ३२,००० तास टिकेल, तर ६५ अंशांत ८००० तास. इथल्या मे महिन्यात खोलीच ४५ अंशांकडे झुकते, मग बंद खोक्याच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. त्यातून वरती क्रोशाचा रुमाल घालून हवेची भोके झाकण्याची पद्धत आमच्याही घरी होतीच.

कंडेन्सर केवळ वीजपुरवठ्यात नसतो. रेझिस्टर, म्हणजे रोधक, आणि कंडेन्सर यांची जोडी जिथे येते तिथे त्यांच्या मूल्यांचा गुणाकार हा एक काळ असतो: दहा लाख ओहम आणि एक मायक्रोफॅरड यांचा गुणाकार बरोबर एक सेकंद भरतो. या काळावरून त्या जोडीने कोणते स्वर जाऊ द्यावेत आणि कोणते अडवावेत हे ठरते. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवरच कंडेन्सर असतो. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर १००० मायक्रोफॅरड असतील तर सुमारे २० हर्ट्झपर्यंतचे खर्जाचे स्वर सुखरूप येतात, पण तो वाळून १०० मायक्रोफॅरडवर आला की २०० हर्ट्झच्या खालचे सारे क्षीण होत जाते. तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते आणि डग्गा मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. याउलट, उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला खालचे स्वर मुद्दाम अडवण्यासाठी ४.७ मायक्रोफॅरडसारखा लहान कंडेन्सर लावतात. रेकॉर्ड प्लेअरमध्ये तर रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज आणि उचललेले उंच स्वर परत समतोल करण्यासाठी ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन काळ पाळावे लागतात. अमेरिकेतील रेकॉर्ड उत्पादकांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवलेले हे आकडे आजही चालतात.

महागडा कंडेन्सर लावल्याने आवाजात माधुर्य येते, असे हौशी मंडळी सांगतात. ध्वनिसंकेताच्या वाटेवर स्वस्त सिरॅमिकऐवजी फिल्मचा, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, कंडेन्सर वापरण्यात तथ्य आहे, कारण काही सिरॅमिक प्रकारांची धारकता दाबाबरोबर बदलते आणि त्यातून विकृती येते. परंतु फिल्मच्या दोन चांगल्या कंडेन्सरांत दसपट किमतीइतका फरक कानाला कळतो, यावर माझा विश्वास नाही. योग्य मूल्य आणि न वाळलेला द्रव, एवढ्यावर बहुतेक काम भागते.

आमचा फिल्टर कंडेन्सर लष्करातल्याच एका मिस्त्रींनी बदलला. जुन्याच्या माथ्यावर फुगवटा आला होता. नवा बसवताना त्यांनी धन आणि ऋण टोके दोनदा तपासली, कारण उलट जोडलेला कंडेन्सर फुटतो; आणि जुना काढण्यापूर्वी एका रेझिस्टरमधून त्यातील साठा रिकामा केला, कारण यंत्र बंद असले तरी तो झटका देऊ शकतो.

गुणगुण गेली आणि पंचम स्थिर झाला. मात्र स्पीकरला कान लावल्यावर आधी झाकली गेलेली एक अतिशय बारीक सुरसुर ऐकू आली. तिच्यातला काही भाग रेझिस्टरचा असतो: त्यातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इतस्ततः हलत असतात, हे जॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी मोजले आणि नायक्विस्ट या अभियंत्यांनी त्याचे गणित मांडले, दोन्ही १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा लाख ओहमचा रेझिस्टर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सुमारे १८ मायक्रोव्होल्ट एवढी सुरसुर करतो, आणि रोध शंभरपट कमी केला तर ती दहापट कमी होते. मे महिन्यात कंडेन्सरचे आयुष्य झपाट्याने खर्ची पडते, परंतु या सुरसुरीत मेच्या ४५ अंशांत आणि जानेवारीच्या १० अंशांत जेमतेम सहा टक्क्यांचा फरक पडतो. मिस्त्रींना ती दाखवली, तर त्यांनी स्पीकरला कान लावला, हसले आणि पाना-पक्कड पिशवीत भरू लागले.