एकाकी वृक्ष (चित्र)

जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याने १८२२ मध्ये रंगवलेले तैलचित्र. आकार सुमारे ५५ × ७१ सेंमी., म्हणजे तसे बेताचेच. सध्या ते बर्लिनच्या आल्ते नात्सिओनालगालरी या संग्रहालयात आहे.

चित्राच्या मध्यावर एक जुनाट ओक उभा आहे. शेंडा वठलेला, वरच्या फांद्या मोडक्या. खालच्या अंगाला मात्र पाला अजून दाट. वठलेला शेंडा मागच्या डोंगरांच्याही वर, ढगाळ आभाळात गेला आहे, तर हिरवा भाग सपाट कुरणाच्या उंचीवरच राहिला आहे. एकाच झाडाचे मेलेले आणि जिते अंग असे दोन पार्श्वभूमींवर वाटून दिले आहे. बुंध्याला टेकून एक मेंढपाळ उभा आहे; तो इतका लहान की पहिल्या नजरेत सुटूनच जातो. जवळच तळे, आसपास चरणाऱ्या मेंढ्या, पलीकडे झाडीत दडलेली वस्ती आणि शेवटी निळसर डोंगर.

चित्राला 'सकाळच्या उजेडातले गाव' या अर्थाचे दुसरेही नाव आहे आणि खरे तर तेच जास्त शोभते. माणूस, जनावरे, पाणी, गाव एवढे सगळे भोवती असलेल्या झाडाला एकाकी म्हणणे जरा अतिच.

फ्रीड्रिख घराबाहेर पेन्सिलीने झाडे, खडक टिपून आणी आणि ड्रेस्डेनच्या आपल्या खोलीत, कधी वर्षांनंतर, त्यांतून चित्र जुळवी. त्यामुळे असा देखावा जसाच्या तसा कुठे सापडेल ही आशा नको. ओक हे जर्मनांचे अभिमानाचे झाड. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांना तेव्हा फार वर्षे लोटलेली नव्हती. म्हणून काहींना यात तगून राहिलेला देश दिसतो, काहींना धार्मिक रूपक.

बर्लिनचा बँकर योआखिम हाइनरिख विल्हेल्म वागेनर याने हे चित्र जोडीने करवून घेतले. १८६१ मध्ये त्याचा २६२ चित्रांचा संग्रह मृत्युपत्रान्वये प्रशियाच्या राजाकडे गेला. या संग्रहालयाचा पाया तोच. जोडीतले दुसरे चित्र 'समुद्रावरील चंद्रोदय' हेही तिथेच आहे. त्यात वेळ संध्याकाळची, आणि तिघे जण खडकावर पाठमोरे बसून परतणारी जहाजे पाहत आहेत.