स्क्रीनवरचा सिग्नल तुमचा की ॲनालायझरचा?
(स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"ट्रान्समीटरचा दुसरा हार्मोनिक लिमिटच्या वर जातोय" असा फोन आला (हार्मोनिक म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत उमटणारा नको असलेला सिग्नल) की आम्ही आधी एकच विचारतो: ॲटेन्युएटर (आलेला सिग्नल आधी कमी करणारा भाग) किती ठेवला होता? बहुतेकदा उत्तर येतं, "ऑटोवर होता." तेव्हा बोर्डावरचा फिल्टर बदलायला घेण्याआधी खालची तपासणी करा. दोन मिनिटं पुरतात.

ॲनालायझरच्या आत, ॲटेन्युएटरच्या मागे, मिक्सर बसलेला असतो. आलेला सिग्नल लोकल ऑसिलेटरशी मिसळून आयएफवर (मोजण्यासाठी ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) आणायचा तर मिक्सर नॉन-लिनिअर (आउटपुट इनपुटच्या सरळ प्रमाणात नसलेला) असावाच लागतो. म्हणूनच पॉवर जास्त झाली की तो स्वतःच हार्मोनिक आणि इंटरमॉड (दोन सिग्नल मिसळून बनलेले नवे सिग्नल) तयार करू लागतो, आणि स्क्रीनवर ते खऱ्यांपासून ओळखू येत नाहीत.

ॲटेन्युएटर १० डीबीने वाढवून बघा

ऑटो काढा आणि हाताने वाढवा. ॲनालायझर आतून तेवढाच गेन वाढवतो, त्यामुळे बाहेरून आलेला सिग्नल स्क्रीनवर जागचा हलत नाही. मिक्सरने बनवलेला दुसरा हार्मोनिक १० डीबीने खाली येतो, थर्ड ऑर्डर इंटरमॉड (एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट वजा दुसरी) २० डीबीने.

फसगत होते ती नॉइज फ्लोअरमुळे (यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाच्या पातळीमुळे), कारण तोही १० डीबी वर चढतो. बारीक सिग्नल त्यात बुडाला की "गेला, म्हणजे खोटा होता" असं वाटतं. आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी) एक दशांश करा, फ्लोअर पुन्हा खाली येईल, आणि मग ठरवा.

सिग्नल तीन-चार डीबीच हलला तर खरा आणि खोटा दोन्ही एकाच जागी आहेत. त्यांची बेरीज फेजवर अवलंबून असते, त्यामुळे ॲटेन्युएटर वाढवल्यावर रीडिंग चक्क वरही जाऊ शकतं. रीडिंग हलायचं थांबेपर्यंत वाढवत राहा. थांबलेलं रीडिंग खरं.

एक हिशेब: १ वॉटचा सेट (ट्रान्समीटर) म्हणजे +३० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत ३० डीबी). बाहेर ३० डीबीचा पॅड (वेगळा ॲटेन्युएटर) आणि आत १० डीबी ठेवले तर मिक्सरवर −१० डीबीएम पडतात. डेटाशीटमध्ये सेकंड हार्मोनिक इंटरसेप्ट (मिक्सरचा हार्मोनिक मूळ सिग्नलइतका होईल ती कागदावरची पातळी) +४० डीबीएम असेल, तर मिक्सरचा स्वतःचा हार्मोनिक फंडामेंटलच्या (मूळ सिग्नलच्या) फक्त ५० डीबी खाली राहील. तुमचा सेट ६५ डीबी खाली असला तरी स्क्रीनवर साधारण ५०च दिसणार, आणि चांगला सेट नापास होणार. आत ३० डीबी ठेवले की मिक्सरचा वाटा ७० डीबी खाली जातो.

स्पॅनच्या (स्क्रीनवर दिसणाऱ्या पट्ट्याच्या) बाहेरचे सिग्नल

हे सिग्नल विसरण्याची चूक अनुभवी लोकही करतात. पुण्यात गच्चीवर अँटेना लावून ८० ते ८८ मेगाहर्ट्झ बघताय. बारीक सिग्नल दिसावा म्हणून रेफरन्स लेव्हल (स्क्रीनच्या वरच्या रेषेची पातळी) खाली आणली की ऑटोवरचा ॲटेन्युएटर शून्यावर जातो. ९१.१ आणि ९८.३ ही एफएम स्टेशनं स्क्रीनवर नाहीत, पण मिक्सरपर्यंत पोचतातच. त्यांना अडवणारं मधे काही नसतं. आणि ८३.९वर एक सिग्नल उभा राहतो: ९१.१ची दुप्पट वजा ९८.३. तपासणीत तो २० डीबीने पडला तर आपल्या मिक्सरचा. जागीच राहिला तर तो खरोखर हवेत आहे. कधी कधी गंजलेल्या पत्र्याचा सांधाही असे सिग्नल बनवतो, आणि तो शोधणं वेगळंच काम आहे.

ही तपासणी जिथे चालत नाही

इमेज सिग्नल (खऱ्या सिग्नलची चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर दिसणारी प्रत) ॲटेन्युएटरने पकडता येत नाही, तो खऱ्यासारखाच जागी राहतो. प्रीसिलेक्टर (मिक्सरआधीचा फिल्टर) नसलेल्या स्वस्त यंत्रांत आणि बाहेरून जोडलेल्या हार्मोनिक मिक्सरवर तो हमखास दिसतो, खऱ्यापासून आयएफच्या दुप्पट अंतरावर. मेन्यूत 'सिग्नल आयडी' (इमेज ओळखायची सोय) असेल तर ते चालू करा.

केबल काढून ५० ओहमचं टर्मिनेशन लावल्यावरही जे उरतं, ते यंत्राचं स्वतःचं रेसिड्युअल. शून्य हर्ट्झवरचा उंच खांब हा लोकल ऑसिलेटरचा, तो नेहमीच असतो.

शंका राहिली तर दोन स्क्रीनशॉट पाठवा, एक १० डीबीवरचा आणि एक २० डीबीवरचा. आरबीडब्ल्यू दोन्हींत सारखा ठेवा आणि प्रीॲम्प (आतला सिग्नल वाढवणारा भाग) बंद. इनपुटशेजारी छापलेल्या कमाल पॉवरच्या वर सिग्नल देऊ नका. जळालेल्या मिक्सरचा खर्च भाड्यात धरलेला नाही.